गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या पलायनकथनातला सूर आणि शब्दयोजना कशी वाचावी

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गुलामगिरीतून पळालेल्या माणसांची आत्मकथने पहिल्यांदा वाचणाऱ्याची एका जागी बहुधा निराशा होते. सुटकेचा प्रसंग जवळ आला, आता पाठलाग, शिकारी कुत्री आणि रात्रीचा अंधार येणार अशी आपली तयारी झालेली असते, आणि लेखक दोन वाक्यांत तो प्रसंग उरकून मोकळा होतो. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात एवढेच लिहिले आहे की ३ सप्टेंबर १८३८ रोजी त्यांनी आपल्या बेड्या मागे टाकल्या आणि कोणताही अडथळा न येता ते न्यूयॉर्कला पोचले. कोणत्या दिशेने गेलो, कोणते वाहन वापरले, हे सांगणार नाही असेही ते तिथेच बजावतात. हा कोरडेपणा कुठून आला, याचा शोध घेत गेले की या लेखनातला सूर कसा वाचायचा हे बरेचसे उलगडते. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती एखाद्या उताऱ्यावर टिपण किंवा निबंध लिहू पाहणाऱ्या वाचकासाठी आहे.

आधी तारीख पाहावी

उताऱ्यातल्या विशेषणांखाली रेघा मारायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: पुस्तक कोणत्या साली आणि कोणत्या शहरात छापले गेले, त्या वेळी लेखक कायद्याने मुक्त होता की अजून ‘फरारी’ होता, आणि छापलेल्या मजकुरामुळे कोणाच्या जिवाला धोका होता. १७९३ च्या कायद्यानुसार पळालेल्या माणसाला उत्तरेतल्या मुक्त राज्यांतूनही पकडून नेण्याचा अधिकार मालकाला होता. १८५० च्या कायद्याने तो पाश आणखी आवळला आणि पळणाऱ्याला मदत करणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. डग्लस यांचे पुस्तक निघाले तेव्हा ते कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याची मालमत्ताच होते आणि त्यांनी मालकांची खरी नावे छापली होती. प्रकाशनानंतर त्यांना ब्रिटनला जावे लागले आणि १८४६ मध्ये तिथल्या मित्रांनी दीडशे पौंड उभे करून त्यांची कायदेशीर मुक्तता विकत घेतली. अशा परिस्थितीत लिहिलेल्या मजकुरातला संयम म्हणजे केवळ शैलीची आवड असे समजणारे विश्लेषण पहिल्याच पायरीवर घसरते.

डग्लस स्वतः या मौनाची दोन कारणे देतात: सविस्तर सांगितले तर मदत करणारे अडचणीत येतील, आणि मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल. त्याच जागी त्यांचा सूर एकदम धारदार होतो. गुलाम पळवून नेण्याच्या गुप्त व्यवस्थेला ‘भुयारी रेल्वे’ म्हणत. तिच्याविषयी उघडपणे बोलत सुटलेल्या मित्रांनी ती भुयारी ठेवलीच नाही, जमिनीवर आणून ठेवली, असा टोमणा ते मारतात. १८५५ च्या दुसऱ्या आत्मकथनात तर ते नाव घेऊन बोलतात. हेन्री बॉक्स ब्राउन आणि त्यांच्या मित्रांनी सुटकेच्या रीतीचा गाजावाजा केला नसता, तर वर्षाला हजार बॉक्स ब्राउन सुटले असते, असे त्यांचे म्हणणे आहे. ब्राउन यांनी १८४९ च्या मार्चमध्ये स्वतःला सुमारे तीन फूट लांबीच्या लाकडी खोक्यात बंद करून घेतले होते आणि रिचमंडहून फिलाडेल्फियापर्यंत सुमारे २७ तासांचा प्रवास पार्सल म्हणून केला होता. त्यांना खोक्यात बंद करणाऱ्या दुकानदाराने पुढे आणखी काही जणांना तसेच पाठवण्याचा प्रयत्न केला. तो पकडला गेला आणि तुरुंगात गेला. तेव्हा डग्लस यांची तक्रार निराधार नव्हती.

तात्पर्य, उताऱ्यात काय गाळले आहे याची यादी करणे हे शब्दयोजनेच्या अभ्यासाचेच काम आहे. ‘एका मित्राने’, ‘एका घरी’, ‘एका बंदरात’ असे मोघम शब्द दिसले की तिथे खूण करावी. बाकी सगळीकडे तपशील भरभरून देणारा लेखक नेमका तिथे मोघम होत असेल, तर तो मोघमपणा हेतुपुरस्सर असतो.

प्रस्तावना कोणाची, लेखणी कोणाची

या पुस्तकांच्या सुरुवातीला बहुतेक वेळा गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या गोऱ्या कार्यकर्त्यांची पत्रे आणि प्रस्तावना असतात. डग्लस यांच्या पहिल्या पुस्तकात विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेन्डेल फिलिप्स यांचे पत्र आहे. मुखपृष्ठावरचे ‘स्वतः लिहिलेले’ हे शब्दही सजावटीसाठी नव्हते, कारण गुलामगिरीत वाढलेला माणूस असे लिहू शकतो यावर वाचकांचा विश्वास बसत नसे. डग्लस यांनी १८५५ मध्ये सांगितले आहे की सभांतून बोलताना त्यांना सल्ला मिळत असे: तुम्ही फक्त घडलेले सांगा, त्यामागचा विचार आम्ही पाहून घेऊ, आणि बोलण्यात मळ्यावरची ढब थोडी राहू द्या, म्हणजे लोकांना खरे वाटेल. हे एकदा कळले की १८४५ आणि १८५५ च्या पुस्तकांतला फरक स्पष्ट दिसू लागतो. दुसऱ्या पुस्तकात वाक्ये लांबतात, युक्तिवाद वाढतो, आणि प्रस्तावना लिहितात जेम्स मॅक्यून स्मिथ हे कृष्णवर्णीय डॉक्टर.

दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या मजकुरात सूर कोणाचा, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. बॉक्स ब्राउन यांची कहाणी १८४९ मध्ये बोस्टनला प्रसिद्ध झाली ती चार्ल्स स्टर्न्स यांच्या लेखणीतून, आणि १८५१ मध्ये मँचेस्टरला ‘स्वतः लिहिलेली’ म्हणून पुन्हा आली. पहिल्या आवृत्तीत अलंकारांचा असा पूर आहे की मला तरी तिची काही पाने नेटाने वाचावी लागली. दुसरीत माणूस दिसतो. त्यांची पत्नी आणि मुले विकली जाऊन उत्तर कॅरोलिनाकडे नेली जात असतानाचा प्रसंग पाहावा: ब्राउन पत्नीचा हात धरून सुमारे चार मैल तिच्याबरोबर चालतात आणि दोघांची मने इतकी भरून आलेली असतात की एकही शब्द निघत नाही, एवढेच ते लिहितात. दोन्ही आवृत्त्यांतला एकच प्रसंग शेजारी ठेवून वाचण्याइतका चांगला सराव दुसरा नाही.

संपादकाचे नाव दिसले म्हणून सगळे श्रेय त्याला देण्याची घाईही करू नये. हॅरिएट जेकब्ज यांचे १८६१ चे आत्मकथन लिंडा ब्रेंट या टोपणनावाने निघाले आणि त्याच्या संपादक लिडिया मारिया चाइल्ड होत्या. पुढे अनेक अभ्यासक ते चाइल्ड यांचीच कादंबरी समजत राहिले. १९८० च्या दशकात जीन फॅगन येलिन यांनी पत्रव्यवहार आणि कागदपत्रांच्या आधारे लेखिका जेकब्जच असल्याचे दाखवून दिले. भाषा ‘फार सफाईदार’ आहे म्हणून लेखकत्व नाकारणे ही जुनीच खोड आहे, आणि आजच्या निबंधांतही ती डोकावते.

शब्द कोणाच्या वहीतला

आता प्रत्यक्ष उताऱ्याकडे वळावे. महत्त्वाचा शब्द भेटला की त्याचा अर्थ पाहण्याबरोबरच तो कोणाच्या बोलण्यातून आला आहे हे विचारावे. या लेखनात साधारण चार भांडारांतले शब्द येतात: मालकाच्या हिशेबाचे (मालमत्ता, विक्री, किंमत, बक्षीस), बायबलचे, चळवळीच्या व्यासपीठावरचे, आणि लेखकाचे स्वतःचे रोजचे. सुराची खरी कलाकुसर एका भांडारातला शब्द दुसऱ्या जागी नेऊन ठेवण्यात असते.

याचे मला सापडलेले सर्वांत नेमके उदाहरण जेम्स पेनिंग्टन यांच्या १८४९ च्या आत्मकथनात आहे. डग्लस आणि जेकब्ज यांच्यापुढे हे पुस्तक फारसे कोणी वाचत नाही, आणि ते मोठेच नुकसान आहे. मेरीलँडमधून पळालेले तरुण पेनिंग्टन वाटेत पकडले जातात आणि त्यांना विचारले जाते: तू कोणाचा, कुठून आलास? ते मनाशी विचार करतात की या प्रकरणातली वस्तुस्थिती ही माझी खाजगी मालमत्ता आहे आणि वाटमाऱ्याचा माझ्या पैशांच्या थैलीवर जितका हक्क, तितकाच या माणसांचा त्या वस्तुस्थितीवर. खरे सांगितले तर अठ्ठेचाळीस तासांत कदाचित शंभर फटके बसतील आणि मी लुइझियानाच्या कापसाच्या शेतांकडे निघालेला असेन.

इथे थांबून शब्द मोजून पाहावेत. कायद्याने ज्याला स्वतःला मालमत्ता ठरवले आहे तो माणूस सत्यावर मालकी सांगतो आहे. ‘मालमत्ता’ हा शब्द मालकाच्या वहीतून उचललेला आहे. ‘वाटमाऱ्या’ हा शब्द मात्र कायद्याच्या बाजूने उभे असल्याचा दावा करणाऱ्यांना चिकटवलेला आहे. वाक्यात संतापाचे एकही विशेषण नाही. तास आणि फटके मोजलेले आहेत, ठिकाणाचे नाव दिलेले आहे. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत पेनिंग्टन गुलामगिरीचा आत्मा मालमत्तेच्या तत्त्वात, विक्रीखताच्या तत्त्वात आहे असे म्हणतात, त्यामुळे हा शब्द ओघात आला असे मानता येत नाही. पुढे ते पकडणाऱ्यांना खोटीच हकिगत सांगतात: आपण दक्षिणेकडे नेल्या जाणाऱ्या गुलामांच्या टोळीतले, व्यापारी देवीच्या रोगाने मेला आणि टोळी पांगली. देवीचे नाव ऐकताच माणसे मागे सरकतात. प्रसंग जवळजवळ विनोदी आहे, पण लिहिण्याच्या वेळी पेनिंग्टन धर्मोपदेशक झालेले आहेत, आणि लगेच पुढे सूर बदलतो: मी असत्याचे समर्थन करतो असे समजू नका, या व्यवस्थेने माणसाला खोटे बोलण्याच्या मोहात कसे ढकलले ते पाहा. हकिगत सांगणारा तरुण आणि तिचा हिशेब देणारा पाद्री असे दोन आवाज एकाच पानावर आहेत, आणि टिपण लिहिताना ते वेगळे करून दाखवावे लागतात.

सर्वनामे आणि संबोधने यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. विल्यम आणि एलन क्राफ्ट हे दांपत्य १८४८ च्या डिसेंबरात जॉर्जियातल्या मेकनहून निघाले. गोरा वर्ण असलेल्या एलन यांनी आजारी तरुण गोऱ्या मालकाचे सोंग घेतले होते, आणि लिहिता येत नसल्यामुळे हॉटेलांत सही करावी लागू नये म्हणून उजवा हात झोळीत बांधला होता. विल्यम त्यांचे गुलाम म्हणून सोबत होते. १८६० च्या पुस्तकात विल्यम प्रवासाच्या साऱ्या वर्णनात एलन यांचा उल्लेख ‘माझे मालक’ असाच करतात, ‘ते’ म्हणतात. आगगाडीत एलन यांच्या खऱ्या मालकाला ओळखणारा एक गृहस्थ शेजारी येऊन बसतो तेव्हा ‘मालक’ बहिरेपणाचे सोंग घेतात. नाताळच्या सकाळी फिलाडेल्फियाला उतरल्यावर मात्र वाक्य मध्येच वळते: माझे मालक, नव्हे, आता म्हणू शकतो म्हणून, माझी पत्नी. त्यानंतर ती हात घट्ट धरते आणि रडू लागते. त्या एका दुरुस्तीत सुटका झाली आहे. वाचकाने ‘मालक’ हा शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, त्या दोन जागा नुसत्या लिहून काढल्या तरी निबंधाचा अर्धा भाग हातात येतो.

मालकाची बाजू काय शब्द वापरत होती हेही जमल्यास पाहावे. जेकब्ज यांच्या शोधासाठी १८३५ मध्ये त्यांच्या मालकाने दिलेली जाहिरात उपलब्ध आहे. शंभर डॉलर बक्षीस, वय २१, सहज आणि अस्खलित बोलते, चालण्याबोलण्यात आकर्षकपणा आहे, आणि कोणत्याही ज्ञात कारणाविना पळून गेली, असे तीत म्हटले आहे. हे शेवटचे शब्द वाचून मग जेकब्ज यांनी त्या घरातल्या छळाचे दिलेले वर्णन वाचावे. त्यांनी आपल्या पुस्तकातही अशीच एक जाहिरात दिली आहे, त्यात रक्कम तीनशे डॉलर आहे.

सूर थंड होतो तेव्हा

एक कामचलाऊ नियम म्हणून असे म्हणता येईल की प्रसंग जितका भयंकर, तितके वाक्य साधे. जेकब्ज आजीच्या घरातल्या माळ्याच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून होत्या. ती जागा त्या सुताराने मोजावी तशी मोजतात: नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंच टोकाला तीन फूट, आणि उजेड वा हवा येण्यास वाव नाही. तिथे एक गिरमिट सापडते, त्याने त्या भिंतीला भोके पाडतात आणि त्यांतून आपली मुले पाहतात. अशा ठिकाणी नामे आणि अंक मोजावेत, विशेषणे मोजावीत, आणि कोणते भाव वाचकावर सोपवले आहेत ते लिहावे.

थंडपणाचा जुळा भाऊ म्हणजे उपरोध. लपून असतानाच जेकब्ज आपण न्यूयॉर्कमध्ये असल्याचे भासवणारी पत्रे मालकाला पाठवतात आणि त्यासाठी रस्त्यांची नावे एका वर्तमानपत्रातून घेतात. कृष्णवर्णीयांची नेमाने नालस्ती करणाऱ्या या वर्तमानपत्राकडून निदान एकदा तरी त्यांची सेवा घडली, असा शेरा त्या मारतात. उपरोध ओळखायचा तर शब्दाचा कोशातला अर्थ आणि आसपासची घटना एकमेकींविरुद्ध जातात का ते पाहावे. डग्लस क्रूर मालकाला ‘धर्मनिष्ठ’ म्हणतात तिथे हीच कसोटी लावावी.

आवाज चढतो तेव्हा

काही जागी मात्र हेच लेखक उंच स्वरात बोलतात, आणि आधुनिक वाचकाला तो भाग नाटकी वाटतो. चेसापीक उपसागराच्या काठी उभे राहून डग्लस शिडांच्या जहाजांना उद्देशून बोलतात: तुम्ही दोर सोडून मोकळी आहात, मी साखळ्यांत जखडलेला आहे. जेकब्ज ‘सद्गुणी वाचका, माझी कीव कर आणि क्षमा कर’ असे विनवतात. ही त्या काळच्या प्रवचनांची आणि भावुक कादंबऱ्यांची भाषा आहे आणि ती ज्यांना पटवायचे होते त्या वाचकांच्या ओळखीची होती. जेकब्ज यांना उत्तरेतल्या मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रियांशी लैंगिक छळाविषयी बोलायचे होते. त्यांच्याच घरातली भाषा वापरली नसती, तर त्या स्त्रियांनी पुस्तक मिटून ठेवले असते. तरीही शेवटी त्या त्या भाषेलाच कोपरखळी मारतात: माझी गोष्ट नेहमीसारखी लग्नाने संपत नाही, स्वातंत्र्याने संपते. आणि ते स्वातंत्र्य दुसऱ्याने पैसे देऊन विकत घेतल्याचे कळते तेव्हा न्यूयॉर्कच्या मुक्त शहरात एक माणूस विकला गेला, असे त्या उद्गारतात. आनंदाच्या क्षणी निवडलेले क्रियापद ‘विकणे’ हे आहे.

वाक्याची लांबी हाही सुराचाच भाग असतो. डग्लस सुटकेला दोन वाक्ये देतात, पण न्यूयॉर्कमधल्या एकटेपणाची जाणीव करून देताना ते जवळजवळ पानभर लांबीचे एकच वाक्य लिहितात: वाचकाने स्वतःला परक्या देशात फरारी समजून पाहावे, घर नसलेला, मित्र नसलेला, पैसा नसलेला, प्रत्येक क्षणी पकडले जाण्याची भीती बाळगणारा, भाकरी आहे पण आपल्याला नाही, घरे आहेत पण आपल्याला नाहीत अशा ठिकाणी उभा. एकामागून एक तुकडे येतात, पूर्णविराम येत नाही, आणि वाचकाला दम लागतो. सुटकेपेक्षा सुटकेनंतरच्या दिवसांना जास्त शब्द का मिळाले, हा प्रश्न उताऱ्यावरच्या चर्चेचा गाभा होऊ शकतो.

गुलामगिरी संपल्यानंतर लिहिलेल्या आवृत्त्या याच प्रसंगांवर नवा प्रकाश टाकतात. डग्लस यांनी १८८१ मध्ये सुटकेची हकिगत शेवटी सविस्तर छापली. लाल सदरा, खलाशाची टोपी, एका मित्राकडून उसने घेतलेले खलाशाचे ओळखपत्र, आणि बाल्टिमोरहून सुटणारी आगगाडी. मुक्ततेचे कागद कुठे आहेत असे कंडक्टर विचारतो तेव्हा ते म्हणतात की समुद्रावर जाताना मी ते बरोबर नेत नाही, पण अमेरिकन गरुड छापलेला एक कागद माझ्याजवळ आहे, तो मला जगभर फिरवील. कागदावरचे वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते. कंडक्टरने नुसती नजर टाकून तो परत दिला. गोदीत काम केल्यामुळे जहाजाचा प्रत्येक भाग त्यांना नावाने माहीत होता आणि मुरलेल्या खलाशासारखे बोलता येत होते. वेशाइतकाच त्या बोलीनेही त्यांना वाचवले. सूर आता खेळकर आहे, संवाद आहे, मिनिटे तासांसारखी आणि तास दिवसांसारखे वाटल्याची कबुली आहे. १८४५ चा कोरडा उतारा आणि हा उतारा एकत्र वाचल्यावर पहिल्यातले मौन किती दाट होते ते कळते.

टिपण लिहिताना

‘लेखकाचा सूर दुःखी आहे’ असे वाक्य लिहून झाले की ते खोडावे. दुःख विषयात आहे. सूर म्हणजे लेखकाने त्या विषयाशी आणि वाचकाशी ठेवलेले अंतर. त्यासाठी संयत, उपरोधिक, आर्जवी, हिशेबी, आरोप करणारा, सावध असे नेमके विशेषण शोधावे, आणि तो सूर उताऱ्यात कुठे बदलतो ते वाक्य दाखवून सांगावे. इतरांचे संवाद बोलीभाषेत आणि निवेदन प्रमाण भाषेत असेल, तर कोणाच्या तोंडी बोली दिली आहे त्याची नोंद घ्यावी. भाषांतरावरून काम करत असाल तर एकाच शब्दावर सगळा डोलारा उभारू नये; वाक्याची लांबी, गाळलेले तपशील, अंक आणि संबोधने भाषांतरातही बऱ्यापैकी टिकतात.

क्राफ्ट यांच्या उताऱ्यावर लिहिताना ‘या उताऱ्यात भीती आणि आनंद दिसतो’ यापेक्षा असे लिहिता येईल: ‘विल्यम क्राफ्ट फिलाडेल्फियापर्यंत पत्नीला मालक म्हणतात, सोंगाचा शब्द निवेदनातही न सोडल्यामुळे वाचकही त्या सावधपणात ओढला जातो, आणि “नव्हे” म्हणून तो शब्द मागे घेतला जातो तिथे निवेदकाचा ताठरपणा पहिल्यांदा सैल होतो.’ या वाक्यात शब्द आहे, त्याची जागा आहे, परिणाम आहे, आणि मूळ पान उघडून ते कोणालाही तपासता येते.